म्हसोबा आणि स्वस्तातलं मशीन

१

गुरुवारी सकाळी सात वाजता आमच्या सोसायटीच्या कडेला म्हसोबा उघडा सापडला.

उघडा म्हणजे शेंदराविना. हा म्हसोबा म्हणजे जमिनीत रोवलेला गुडघाभर उंचीचा दगड. तेलात कालवलेला शेंदूर थापून थापून चार पिढ्यांनी त्याच्यावर चार बोटं जाडीचं लाल कवच चढवलं होतं, त्यावर चांदीचे दोन डोळे. त्या सकाळी डोळेही नव्हते आणि कवचही नव्हतं. काळा, खडबडीत धोंडा तेवढा उभा होता आणि त्याच्याभोवती आमचे पंचवीसेक सुशिक्षित रहिवासी मोबाइल उंच धरून उभे होते. सेक्रेटरी प्रज्ञेश कुर्लेकर यांनी तर कुठून तरी पाटीभर झेंडू आणून देवाच्या पायथ्याशी ओतला होता. या गृहस्थाला मी आजवर कोणत्याही देवापुढे मान वाकवताना पाहिलेलं नाही, आरशातला सोडून.

सोसायटीचं नाव सुयोग्य रेसिडेन्सी, धानोरी. शहाण्णव फ्लॅट. इथल्या कुणालाही पत्ता विचारा, 'एअरपोर्टजवळ' म्हणून सांगतात. धानोरी म्हणायला जीभ अडते. गाव महापालिकेत आलं, शेतं बिल्डरकडे गेली, आणि ज्यांच्या शेतावर आपण राहतो त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचं, एवढं एकच काम या मंडळींना उरलं. मी स्वतः सदाशिव पेठेतली, तेव्हा नाक मुरडण्याचा पहिला हक्क खरं तर माझा आहे.

सव्वासातपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर निकालही लागला. आदल्या दिवशी, बुधवारी, एक मुलगी मशीन लावून तिथले फरसबंदीचे ब्लॉक धुऊन गेली होती. तिच्याच पाण्याच्या माऱ्याने देवाचा शेंदूर उडाला. पुरावा काय, तर मशीन स्वस्तातलं होतं. एवढा पुरावा आमच्या लोकांना पुरतो.

ही मुलगी म्हणजे नम्रता गोहणे. मूळची वणीची, वय सव्वीस. खराडीच्या एका कंपनीने घरी बसवल्यावर तिने ऑनलाइन सेलमधून एक पिवळं प्रेशर वॉशर घेतलं, यूट्यूबवर आठ-दहा व्हिडिओ पाहिले, 'झळाळी' नावाची कार्डं छापली आणि धंद्यात उतरली. आमचं काम तिचं पहिलंच. बुधवारी मी गॅलरीतून बघत होते. पाइप इतका आखूड की दर चार पावलांवर ती मशीन उचलून पुढे ठेवायची. मशीन वीस मिनिटं चालायचं आणि दहा मिनिटं गार व्हायला बसायचं. संध्याकाळी पाचला ती पाइप गुंडाळत होती आणि शेजारी प्रज्ञेश बोर्डावर दुसऱ्या दिवशीच्या पाणीबंदची नोटीस डकवत होता, तेव्हा मी खाली उतरून ब्लॉक पाहिले, देवाकडे लक्षच गेलं नाही. सगळीकडे पट्टे. एक ओळ गोरी, एक ओळ काळी. तक्रारवही मागवली आणि लिहिलं, 'ही धुलाई आहे की झेब्रा रंगवला आहे?' खाली सही केली.

गुरुवारी साडेसातला दत्तोबा भाडळे काठी टेकत आले. म्हसोबा त्यांच्या घराण्याचा. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी दगडावरून हात फिरवला, डोळ्यांच्या जागी बोटं थांबली, आणि ते खालीच बसले. बोलला तो त्यांचा मुलगा साईनाथ. ज्याने हे केलं त्याचं नाव रविवारपर्यंत लेखी पाहिजे, नाहीतर सोमवारी पोलिसात जाणार, असं त्याने शांतपणे सांगितलं. आरडाओरडा केला असता तर लोक घाबरले नसते.

२

दुपारी प्रज्ञेशने मला ऑफिसात बोलावलं आणि एकसदस्य चौकशी समिती म्हणून नेमलं.

मी शालन मेहेंदळे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहेतीस वर्षं तपासणी विभागात होते. माल नापास करणं हे माझं काम, आणि ते मी आवडीने केलं. पण प्रज्ञेशने मला त्यासाठी नेमलं नव्हतं. तक्रारवहीतला झेब्रा त्याने वाचला होता. या बाईचा निकाल आधीच लागलेला आहे, असा त्याचा हिशेब.

"मॅडम, तुम्ही फक्त प्रोसेस फॉलो करा," तो म्हणाला. "रविवारी अकराला मीटिंग आहे. रिपोर्ट एका पानाचा पुरे."

प्रज्ञेशची प्रोसेस हा स्वतंत्र विषय आहे. सोसायटीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाला तो जावक क्रमांक देतो. लिफ्ट बंद असल्याची नोटीस, कुत्र्यांबद्दलची नोटीस, होळीच्या शुभेच्छा, सगळं रजिस्टरात चढतं, ओळीने, शाईने, आणि मगच छापलं जातं. सरकारी कारकुनाची खुर्ची मिळाली नाही म्हणून हा माणूस आयटीत मॅनेजर झाला असावा.

त्याने माझ्यासमोर एका कागदाची प्रत सरकवली. नम्रताचा माफीनामा, तयार, फक्त सहीची जागा मोकळी. वर ठळक अक्षरात सोसायटीचं नाव, जावक क्रमांक ४१. 'माझ्या निकृष्ट यंत्रामुळे व अननुभवामुळे म्हसोबा देवाच्या दगडावरील शेंदूर निघून गेला, याबद्दल मी जाहीर माफी मागते.' हा कागद भाडळ्यांना मिळणार, नोटीस बोर्डावर लागणार आणि आसपासच्या सगळ्या सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांच्या ग्रुपवर जाणार. हा ग्रुप मला ठाऊक आहे. त्यावर नाव खराब झालेल्या प्लंबरला या बाजूला नळ दुरुस्तीचंही काम मिळत नाही.

इतर कुणाला काम का दिलं नाही, असं मी विचारलं. म्हणजे मोठ्या कंपन्यांनी दर पाठवलेच नव्हते का?

पाठवले होते, तो म्हणाला. दोन चांगल्या कंपन्या होत्या, ट्रकवर मशीन, गरम पाणी, गणवेशातली माणसं. कमिटी त्यांच्याच बाजूने होती. पण त्याने आग्रह धरला की नव्या उद्योजकाला संधी द्यायची. "आय बिलीव्ह इन स्टार्टअप्स," असं म्हणून त्याने छातीवर हात ठेवला.

स्वतःच्या घरी फरशी पुसायचं फडकंसुद्धा हा माणूस परदेशी कंपनीचं आणतो. म्हणून त्याची ही श्रद्धा माझ्या घशाखाली उतरेना.

मुलीचं काय म्हणणं आहे, मी विचारलं.

"ती सही करायला तयार आहे. तिनेच मला थँक्यू म्हटलं."

३

नम्रता विश्रांतवाडीत दोन मुलींबरोबर एका खोलीत राहते. शुक्रवारी मी गेले तेव्हा ते पिवळं मशीन पलंगाखालून डोकावत होतं. खेळण्याच्या दुकानातून आणल्यासारखं दिसत होतं, आणि तसं मी म्हणालेही.

ती चिडली नाही. म्हणाली, मशीन बरंच हलकं आहे, हे तिलाही कळतं. खरं तर ब्लॉकसाठी फिरत्या नळ्यांची गोल थाळी लागते, ती लावली की पट्टे पडत नाहीत. पण ती थाळी मशीनपेक्षा महाग. मग हातातल्या पाण्याच्या बंदुकीनेच मारायचं, आणि हात कितीही सरळ ठेवला तरी ओळी उमटतातच. पहिल्या दोन-तीन कामांनंतर थाळी घेणार होती.

"मग सही कशाला करतेस?" मी विचारलं.

कारण कुर्लेकर सर तिच्या बाजूने आहेत म्हणे. साईनाथ पोलिसात गेला तर धार्मिक भावनांचं कलम लागेल, त्यापेक्षा माफी मागून मोकळी हो, असं त्यांनी समजावलं. धंदा जाईल हे तिलाही कळत होतं. पुण्यात तिला एकाच माणसाने काम दिलं होतं आणि तोच माणूस तिला वाचवतोय, अशी तिची ठाम समजूत होती. हे ऐकून मला तिचा राग आला. अडाणी माणूस फसला तर कीव येते. ही इंजिनियर होती.

"तू दगडावर पाणी मारलंस का?"

"नाही ना काकू. सर म्हटले होते, देवाच्या भोवती वीतभर जागा सोड. मी सोडली. आमच्याकडेही शेंदराचा मारुती असतो, मला समजते ना."

"मग हे तू कुणाला सांगितलंस?"

"सरांना. ते म्हटले, तुषार उडाले असतील. स्वस्त मशीनचा नेम नसतो."

मी तिला मशीनसकट रिक्षात बसवून सोसायटीत आणलं. बुधवारी तिने पार्किंगही धुतलं होतं. तिथे गाड्यांखाली ऑइलचे डाग होते, पहिल्यासारखेच काळेभोर. मी एका डागावर बोट ठेवून मार म्हटलं. मशीन घरघरलं, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल इतका आवाज झाला, आणि दोन मिनिटं एकाच जागी पाणी मारूनही डाग जसाच्या तसा राहिला. धूळ गेली, शेवाळ गेलं, ऑइल हललं नाही.

"तेलाला गरम पाण्याचं मशीन लागते," नम्रता खाली मान घालून म्हणाली. "हे त्यातलं नाही."

म्हसोबाचा शेंदूर तेलातला होता. चार बोटं जाड, वर्षानुवर्षं वाळलेला. जे यंत्र स्कूटरखालचा कालचा डाग काढू शकत नाही, ते चार पिढ्यांचं कवच काय काढणार? तेहेतीस वर्षांत मी निकृष्ट माल खूप पाहिला. पण निर्दोष ठरण्याइतका निकृष्ट माल पहिल्यांदाच पाहत होते.

म्हणजे शेंदूर कुणीतरी हाताने काढला होता.

४

संशय घ्यायचा तर भाडळ्यांवर घ्यायला जागा होती. सोसायटी आणि भाडळे यांच्या मध्ये कुंपण नाही. हद्दीचा वाद सहा वर्षं चालू आहे, आणि निकाल लागेपर्यंत असू दे म्हणून दोघांनी मिळून मधल्या पट्ट्यात ब्लॉक बसवले आहेत. त्या ब्लॉकांच्या मधोमध म्हसोबा. जुन्या कागदांत हद्दीची खूण म्हणून त्याचीच नोंद आहे. सोमवारी सरकारी मोजणी येणार होती. त्याच्या तोंडावर सोसायटीने देव विटाळला असा बोभाटा झाला तर फायदा साईनाथचा. तो जमिनीचे व्यवहार करतो, म्हणजे त्याला बोभाट्याचा भाव माहीत असणार.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या अंगणात गेले. साईनाथने मला खुर्ची दिली आणि माझा संशय मी बोलून दाखवण्याआधीच ओळखला.

"मॅडम, मला सोसायटीला नडायचंच असतं तर ड्रेनेजची लाइन अडवली असती. तुम्ही लोक दोन दिवसांत हात जोडून आला असता," तो म्हणाला. "देवाचं कवच आमच्यात कुणी काढत नाय. ते आपणहून गळतं, तेव्हा वाजतगाजत नदीवर नेऊन सोडतात. मला एक सांगा, तुमच्या त्या पोरीनं पाणी मारून शेंदूर पाडला, तर त्याचे तुकडे कुठंयत?"

हा प्रश्न आमच्या शहाण्णव फ्लॅटांतल्या एकाही पदवीधराला पडला नव्हता. मलाही नाही, हे मी कबूल करते. चार बोटं जाडीचं कवच फुटलं तर घमेलंभर तुकडे पडायला हवेत. ताज्या धुतलेल्या ब्लॉकांवर लाल शिंतोडे दिसायला हवेत. मी गटाराच्या जाळीपर्यंत बघून आले होते, तांबडा कणही नव्हता. शिवाय चांदीचे डोळे काही विरघळत नाहीत.

दत्तोबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना कुणी काही विचारत नाही, कारण त्यांना दिसत नाही. मी विचारलं, तुम्हाला त्या सकाळी काही वेगळं जाणवलं का?

साईनाथ मध्येच म्हणाला, आण्णांचं मनावर घेऊ नका, धक्का बसलाय त्यांना.

"धक्का बसायच्या आधीचं सांगतोय म्या," दत्तोबा म्हणाले. "मला दिसत न्हाय, तर म्या मोजून चालतो. फाटकापासनं म्हसोबा अकरा पावलं हाय. रोजचं हाय. गुरवारी नवव्या पावलालाच काठी देवाला लागली. ह्याला सांगितलं, तर ह्यो म्हनला, घाईनं चालला असाल."

मी खुर्चीवरून उठले. साईनाथने चहा आणायला सांगितलं होतं, तो तसाच राहिला.

५

मधल्या पट्ट्यात, म्हसोबापाशी येऊन मी सगळ्यात आधी तो झेंडूचा ढीग बाजूला सारला. तीन दिवसांत फुलं सडली होती. कुणी हात लावला नव्हता, कारण देवाचं निर्माल्य उचलायला आमच्या लोकांना लाज वाटते, आणि फोटो काढायला वाटत नाही.

फुलांखाली दगड जमिनीत रोवलेला नव्हताच. तो ब्लॉकांच्या वर उभा होता, बुडाशी सिमेंटचा हात दिलेला. आणि ब्लॉकांवरचे नम्रताचे ते पट्टे, एक गोरा, एक काळा, दगडाच्या एका बाजूने आत शिरत होते आणि दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडत होते. वीतभर सोडलेली मळकी जागाही नव्हती. धुताना देव तिथे असता, तर पट्टे त्याला वळसा घालून गेले असते. चांगल्या मशीनने सगळं एकसारखं धुतलं असतं आणि मला काहीच कळलं नसतं. वाईट कामाचा एवढा चांगला उपयोग मी कधी पाहिला नव्हता.

मग मी उलट चालत गेले, सोसायटीच्या दिशेने, दोन पावलं. तिथे एक मोठी सिमेंटची कुंडी होती, आत शोभेचा पाम. बुधवारी ती तिथे नव्हती. मी वॉचमनला बोलावून ती सरकवून घेतली. खाली चार ब्लॉक कोरे करकरीत होते. त्यांच्यावर एकही पट्टा नव्हता. वॉचमनला विचारलं, बुधवारी रात्री तू कुठे होतास? म्हणाला, सेक्रेटरी साहेबांनी मागच्या गेटवर ड्यूटी लावली होती.

आता देव सरकवला हे पक्कं झालं. कुणी सरकवला याचं उत्तर मला वाटेत, बोर्डापाशी मिळालं. गुरुवारच्या पाणीबंदची ती नोटीस अजून तिथेच होती, बुधवारी संध्याकाळी पाचला माझ्या डोळ्यांदेखत डकवलेली. मी तिचा वरचा कोपरा वाचला. घरी येऊन माफीनाम्याची प्रत काढली आणि तिचा कोपरा वाचला.

त्या दिवशी मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. मधुमेह असूनही.

६

रविवारी अकराला क्लबहाउसमध्ये साठेक माणसं जमली. एवढी माणसं एरवी फक्त दिवाळी फराळाला येतात. भाडळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, कारण ते सभासद नव्हते. दत्तोबा आणि साईनाथ म्हसोबापाशी बसून होते, खिडकीतून दिसत होते. नम्रता कोपऱ्यात होती. तिच्यापुढे माफीनामा आणि पेन.

मी उभी राहिले आणि क्रमाने सांगितलं. मशीनने ऑइलचा डाग निघत नाही, तेव्हा तेलातला शेंदूर निघणार नाही. शेंदूर पाण्याने पडला असता तर तुकडे आणि शिंतोडे राहिले असते. पट्टे देवाच्या खालून जातात, म्हणजे धुऊन झाल्यावर देव तिथे आणला गेला. जुनी जागा कुंडीखाली आहे, नव्या ब्लॉकांनी बुजवलेली. दगड उपटायचा तर पहार लागून कवच फुटणारच, हे करणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. फुटकं कवच दिसलं असतं तर चोरी लगेच कळली असती, म्हणून सगळंच सोलून काढलं आणि डोळ्यांसकट गोणीत भरून नेलं.

"आता देव कुठे सरकला ते बघा," मी म्हणाले. "भाडळ्यांच्या फाटकाकडे, चार फूट. उद्या मोजणी झाली की तेवढी पट्टी सोसायटीची होते. म्हणजे हे काम भाडळ्यांचं नाही, आपल्यापैकी कुणाचं तरी आहे."

मग मी दोन्ही कागद वर धरले.

"पाणीबंदची नोटीस बुधवारी पाच वाजता लागली. तिचा जावक क्रमांक ४२. आणि ज्या घटनेबद्दल नम्रताने माफी मागायची, ती घटना गुरुवारी सकाळी उघडकीला आली. तिच्या माफीनाम्याचा जावक क्रमांक ४१. कुर्लेकर, शेंदूर जागेवर होता तेव्हाच तुम्ही त्याची माफी रजिस्टरात चढवलीत."

प्रज्ञेशने रजिस्टर उघडून पाहिलं, जणू त्यात दुसरं काही निघेल.

"आणि दोन चांगल्या कंपन्या सोडून या मुलीला का आणलं, तेही सांगते. ट्रकवरच्या मशीनवर कुणी आळ घेतला नसता. तुम्हाला असं कुणीतरी हवं होतं की ज्याच्याबद्दल लोक म्हणतील, याच्याकडून हे होणारच. हिच्यात तुम्हाला दिसलं ते एवढंच."

नम्रताने मान वर केली. आळ आला त्या दिवशी ती रडली नव्हती, असं तिच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या. आता तिचे डोळे भरले. तिच्यावर पुण्यात विश्वास ठेवणारा एकुलता एक माणूस मी तिच्यापासून काढून घेतला होता, आणि त्या क्षणी मला त्याचं समाधानच वाटत होतं.

प्रज्ञेश उभा राहिला. नाकारायला म्हणून नव्हे.

"ओके," तो म्हणाला. "मी केलं. बाहेरून दोन मजूर आणले आणि केलं. स्वतःसाठी केलं का? चार फूट मिळाले तर त्या बाजूला आठ गाड्यांचं पार्किंग होतं. लिस्ट वाचू?"

आणि त्याने पार्किंगच्या प्रतीक्षा यादीतली आठ नावं वाचली. चार-चार, पाच-पाच वर्षं थांबलेली माणसं. पहिलं नाव होतं शालन मेहेंदळे.

खोलीतली हवा बदललेली मला कळली. एक गृहस्थ म्हणाले, पद्धत चुकली हे खरं, पण आता झालंच आहे तर. एक बाई म्हणाल्या, मोजणीवाल्यांना आपण होऊन काही सांगायची गरज नाही. कुणीतरी सुचवलं की मेहेंदळे बाईंचा अहवाल उत्तम आहे, तो दफ्तरी दाखल करावा आणि पुढे कार्यवाही करू नये. कुणीतरी असंही म्हणालं की या मुलीने सही केली तर सोसायटीचं वर्षभराचं काम तिलाच द्यावं, आणि सेक्रेटऱ्यांच्या ग्रुपवर माफीनाम्याऐवजी शिफारस टाकावी. साठ माणसांना एकदम माणुसकी सुचली होती.

प्रज्ञेशने मत घेतलं. बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा. हात वर झाले. माझा हात मांडीवर होता, आणि त्याबद्दल मी स्वतःला शाबासकी देत होते. मग तो म्हणाला, विरोधात असणाऱ्यांनी हात वर करा. माझा हात मांडीवरच राहिला.

मला गेली पाच वर्षं गाडी रस्त्यावर लावावी लागते. दोनदा आरसा फुटला आहे. हे कारण मी त्या वेळी मनात म्हटलं, आणि ते मला पटलं.

माफीनामा नम्रतापुढे सरकवला गेला. वर्षभराचं काम, तेही लेखी, असं प्रज्ञेश पुन्हा म्हणाला. तिने पेन हातात घेतलं, पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काकू, तुम्ही आत्ताच तर सगळं सिद्ध केलं ना."

मी माझ्या कागदांची घडी घालत होते. ती आधीच घातलेली होती.

तिने पेन टेबलावर ठेवलं आणि चपला घालून बाहेर गेली. कुणीतरी तिला हाक मारली, कुणीतरी खिडकी लावून घेतली. पण काचेतून दिसत होतं. ती दत्तोबांच्या समोर उकिडवी बसली आणि बोलायला लागली. मध्येच तिने आमच्याकडे बोट केलं. साईनाथ उठून उभा राहिला. म्हातारा मात्र तिचं सगळं ऐकून होईपर्यंत हलला नाही, आणि मग त्याने चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवारी मोजणीवाले आले तेव्हा त्यांना कुंडीखालचे कोरे ब्लॉक दाखवण्यात आले. देव आता आपल्या जागी आहे, भाडळ्यांनी त्याला नवा शेंदूर दिला आहे. प्रज्ञेशने राजीनामा दिला, त्यालाही जावक क्रमांक आहे. सेक्रेटऱ्यांच्या ग्रुपवर नम्रताबद्दल जे लिहायचं ते लोकांनी लिहिलं, त्यामुळे तिला आमच्या बाजूला काम मिळत नाही. ती खडकीच्या पलीकडे दुकानांची शटरं धुते, त्याच मशीनने.

या प्रकरणात माझं नाव बरंच झालं. नात्यातले लोक विचारतात, त्या दिवशी नेमकं काय झालं? मी सांगते, आम्ही दोघी उठलो आणि म्हाताऱ्याला जाऊन सगळं सांगितलं.

मी गेले होते, हे खरं आहे. साईनाथ क्लबहाउसच्या दारात येऊन उभा राहिला, आता लपवण्यात काही अर्थ उरला नाही, तेव्हा गेले.